माजघरात ऑइल हीटर घेतलाय, वायरलेस सेन्सर लावायचा कुठं?

तिसरं_गेट | ८ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीतलं आमचं घर जुनं आहे. जांभ्याच्या दीड फुटी भिंती, पुढचा सोपा आणि माजघर कौलारू, मागं स्वयंपाकघर नि न्हाणी, आणि नंतर कधीतरी जोडलेली स्लॅबची एक खोली. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्या माजघरातच झोपतात, स्लॅबच्या खोलीत जायला तयार नाहीत. पहाटे चारनंतर त्यांना फार थंडी वाजते. दरवर्षी संक्रांत होईपर्यंत हेच.

यंदा दोन हजार वॅटचा ऑइल हीटर आणला. सोबत १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग, झिगबीचा (वायफायसारखीच एक वायरलेस पद्धत) काड्यापेटीएवढा तापमान-आर्द्रता सेन्सर आणि त्याचा हब, म्हणजे सेन्सरचं ऐकून मोबाईलला पोचवणारी डबी. मोबाईलवर नियम घातलाय की २१ च्या खाली गेलं की हीटर चालू, २१ झालं की बंद. दीर इंग्लंडात असतात, त्यांच्या घरी २१ असतं म्हणून आमच्याकडंही २१.

आता अडचण. मोबाईल २४ दाखवतो, हीटर बंद पडून असतो आणि सासूबाई म्हणतात, "त्या मोबाईलला ऊब लागत असंल, मला तर नाही." शिवाय मधूनच रात्री सेन्सर ऑफलाइन जातो तो सकाळपर्यंत येत नाही. सेन्सर बदलून घेऊ की जागा बदलू?

कुंदा_अर्धा_किलो | रात्री १०:०४

दोन वाकळा आणि एक मांजर. ॲप लागत नाही, चार्जिंग लागत नाही.

उद्यमबाग_फिटर | रात्री १०:२०

अक्का, सेन्सर बदलायची घाई करू नका. आधी एवढं सांगा. कॉट कुठल्या भिंतीला आहे? हीटर कुठं? सेन्सर नेमका कशावर चिकटवलाय, जमिनीपासून किती उंच? हब कुठं आणि मधे काय काय येतं? जमलं तर खोलीचा कच्चा नकाशा काढून टाका.

तिसरं_गेट | रात्री १०:४१

नकाशा काढता येत नाही, लिहूनच सांगते. कॉट उत्तरेच्या भिंतीला लागून. ती बाहेरची भिंत, पलीकडं बोळ. हीटर पायथ्याशी. त्याच्या शेजारी लोखंडी कपाट आणि कपाटाच्या बाजूला वर, माझा हात पोचतो तिथं, सेन्सर. मागच्या बाजूला दोन्हीकडून चिकटणारा टेप होताच, लोखंडावर पक्का बसला. कपाटामागची भिंत न्हाणीची. हब सोप्यात राऊटरवर ठेवलाय, टीव्हीच्या मागं.

उद्यमबाग_फिटर | रात्री ११:१५

सेन्सर चांगला आहे. त्याच्या अंगाला जे लागतं ते तो इमानानं सांगतोय. फक्त तुम्हाला हवी ती गोष्ट त्याच्या अंगाला लागत नाहीये.

ऑइल हीटर गरम झाला की त्याच्या लगतची हवा सरळ वर जाते. तुमचा सेन्सर त्या वाटेतच टांगलाय. त्यात खाली लोखंडी पत्रा. पत्रा एका बाजूनं हीटरची धग घेतो आणि टेपमधून सेन्सरच्या पाठीला देतो. आणि मागं न्हाणी! तुमच्याकडं बंब पेटतो का पहाटे? पेटत असेल तर पाचनंतर ती भिंतपण तापते. म्हणजे सासूबाईंना सगळ्यात जास्त गारठा लागतो त्याच वेळेला सेन्सर म्हणणार, खोली उबदार आहे.

आता जागा. पुस्तकात भिंतीवरच्या थर्मोस्टॅटसाठी (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारी डबी) साधारण १.२ ते १.५ मीटर उंची देतात, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीच्या आसपास. ऑफिसला, हॉलला ते ठीक. पण तुमच्या खोलीतलं माणूस उभं नाही, झोपलेलं आहे. कॉट दोन फूट उंच धरली तर सेन्सर अडीच-तीन फुटांवर, उशाच्या बाजूला हवा. उशीपासून हातभर लांब, नाहीतर श्वासाची वाफ नि पांघरुणाची ऊब लागून परत खोटा आकडा.

भिंत आतली पाहिजे. उत्तरेच्या जांभ्याच्या भिंतीवर चिकटवलात तर उलटं होईल. ती भिंत रात्रभर गार होत जाते, सेन्सर हवेऐवजी भिंतीचं तापमान घेऊन बसतो आणि हीटर थांबायचं नाव घेत नाही. माजघर आणि सोपा यांच्यामधली भिंत असेल, तिच्यावर लावा. हीटर सेन्सरला थेट दिसता कामा नये. मधे कॉटची फळी येत असेल तर चांगलंच. टेपनं सपाट चिकटवण्यापेक्षा लाकडाच्या पट्टीवर लावून भिंतीपासून बोटभर पुढं धरा, मागून हवा खेळू द्या.

आणि शेजारी काय आहे ते बघा. डासांची मशीन चालू असते तिथंच लोक सेन्सर लावतात, ती चांगली गरम होते. देवघराचा कोनाडा, नाईट लॅम्प, मोबाईलचा चार्जर, सेट टॉप बॉक्स, सगळ्यांपासून दोन फूट लांब. पडद्यामागं नको, दाराच्या फटीसमोर नको. सकाळचं ऊन कवाडातून आत येऊन पडत असेल तिथं तर अजिबात नको.

तिसरं_गेट | रात्री ११:२८

बंब पेटतो. पाचला. 😄 हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मधल्या भिंतीवर खुंटी आहे, तिथून दोऱ्यानं पट्टी सोडून बघते.

लीड्सकर_येळ्ळूरचा | ९ जानेवारी, पहाटे ३:३५

(आमच्याकडं अजून रात्रीचे दहा वाजलेत.)

फिटर दादांनी सांगितलंय त्याला दुजोरा. इकडं बहुतेक घरात गॅसचा बॉयलर, भिंतीत पाईप आणि प्रत्येक खोलीत पाण्याचा रेडिएटर. रेडिएटरच्या तोंडाला थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह असतो, त्याला टीआरव्ही म्हणतात. हल्ली तो पण वायरलेस मिळतो. पण तो रेडिएटरलाच चिकटलेला, त्यामुळं त्याला खोलीपेक्षा जास्त गरम वाटतं आणि तो लवकर मिटतो. म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकाला वेगळा सेन्सर ठेवून व्हॉल्व्हला त्याचं ऐकायला लावतात. तुमच्या कपाटाचा नि आमच्या व्हॉल्व्हचा रोग एकच.

अजून एक इकडची रीत सांगतो. ज्या खोलीत मुख्य थर्मोस्टॅट असतो त्या खोलीच्या रेडिएटरला टीआरव्ही लावत नाहीत, लावला तर पूर्ण उघडा ठेवतात. नाहीतर व्हॉल्व्ह आधी मिटतो, खोली थर्मोस्टॅटच्या आकड्यापर्यंत कधी पोचतच नाही आणि बॉयलर उगाच पेटत राहतो. ताई, तुमच्या ऑइल हीटरलाही स्वतःचं बटण आहे ना, गोल फिरवायचं? ते खाली ठेवलंत तर तीच गत. प्लग चालू असेल, पण हीटर आतून बंद.

आणि दिरांचा २१ तुम्ही घेऊ नका. इथल्या बऱ्याच घरांना भिंतीत थर्माकोलसारखं भरण, खिडक्यांना दुहेरी काच. कौलारू माजघर २१ वर धरून ठेवायचं म्हणजे रामदेव गल्लीसुद्धा तापवावी लागेल.

तिसरं_गेट | ९ जानेवारी, सकाळी ८:१०

दादा, दिरांनी तिकडचा एक वायरलेस थर्मोस्टॅटचा संचपण पाठवलाय, अजून डब्यातच आहे. तो जोडून चालेल का?

लीड्सकर_येळ्ळूरचा | दुपारी १:२०

तो डब्यातच राहू दे. एक तर त्याचा रिसीव्हर बॉयलरला इशारा द्यायला बनवलेला असतो. आतला रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) हीटरचा लोड उचलायच्या लायकीचा आहे की नाही ते बघितल्याशिवाय दोन हजार वॅट त्याच्यावर टाकायचेच नाहीत. दुसरं, इकडचे बरेच थर्मोस्टॅट ८६८ मेगाहर्ट्झवर बोलतात. भारतात विनापरवाना वापरायला दिलेला पट्टा ८६५ पासून सुरू होतो आणि युरोपातल्या उपकरणांची नेमकी फ्रिक्वेन्सी त्यात बसतेच असं नाही. झी-वेव्हचंच बघा (झिगबीसारखीच दुसरी वायरलेस पद्धत), युरोपात ८६८.४ आणि भारतात ८६५.२. इकडचा सेन्सर तिकडच्या हबशी बोलणारच नाही. झिगबी २.४ गिगाहर्ट्झवर, ते जगभर एकच. तुमचा तिथला सेट आहे तोच बरा.

पिरनवाडी_पोल्ट्री | दुपारी २:०५

विषय निघालाच आहे म्हणून घुसतो. आमचा धंदाच सेन्सरच्या जागेवर चालतो. एक दिवसाचं पिल्लू आलं की पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३४ डिग्री लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्री कमी करत यायचं. ही ३२ डिग्री कुठं मोजायची? पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, म्हणजे तुसाच्या वर दोन इंच. माणसाच्या छातीला मोजली तर शेडमध्ये घाम येतो आणि खाली पिल्लं गारठून ढीग घालतात.

ज्यानं शेड बांधून दिलं त्यानं सेन्सर खांबावर डोळ्यासमोर लावून दिला होता, वाचायला सोपं म्हणून. वाचायला सोपं, पण वाचून काय करायचं? आता आमचा सेन्सर ब्रूडरची (पिल्लांना ऊब देणारा हीटर) कड आणि चिक गार्ड (पिल्लांभोवतीचं कुंपण) यांच्या मधोमध, दोरीला, तुसापासून दोन इंचावर असतो. पिल्लं मोठी होतात तसा वर उचलायचा.

आणि आकडा काहीही सांगू दे, शेवटचा निकाल पिल्लं देतात. ब्रूडरखाली गोळा झाली तर गारठा, गार्डला चिकटून चोची उघडून बसली तर उष्मा, सगळीकडं सारखी पसरून चरत असली तर बरोबर. एका बाजूलाच गोळा झाली तर पडद्यातनं वारं येतंय. अक्का, तुमच्या सासूबाई रागावू नयेत, पण त्या सांगतात तेच खरं रीडिंग.

तिसरं_गेट | दुपारी २:१५

वाचून दाखवलं. म्हणाल्या, "चोच उघडून बसले की सांगते."

कॅम्पातली_काकू | दुपारी ४:३०

मी नर्सिंगमधून निवृत्त. दोन शब्द म्हाताऱ्या माणसाच्या बाजूनं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये घर आणि आरोग्य यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान निदान १८ असावं असं म्हटलंय आणि वयस्कर माणसांना त्याहून थोडं जास्त लागू शकतं असंही. म्हणजे १९-२० धरलं तर पुरे. गार खोलीत रक्तदाब वाढतो, ही खरी काळजी. दुसरी अशी की वय झालं की गारठा उशिरा कळतो. तुमच्या सासूबाईंना कळतोय आणि त्या बोलतात, हे चांगलं आहे. ज्यांच्या घरचं म्हातारं माणूस काहीच बोलत नाही त्यांनी पहाटे उठून हातपाय नाही, पोटाला आणि पाठीला हात लावून बघावं. पोट गार लागलं तर दुर्लक्ष करू नये.

आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवायची नाही. नाही म्हणजे नाही. शहापूर-वडगावकडं अजून बाळंतिणीच्या खोलीत ठेवतात. धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेलं माणूस उठतच नाही.

निपाणी_नाका | संध्याकाळी ६:०२

ऑइल हीटरपण खोलीतला ऑक्सिजन खातो म्हणतात. खिडकी उघडी ठेवायला पाहिजे ना?

उद्यमबाग_फिटर | संध्याकाळी ७:४८

खात नाही. आत तेल आहे, पण ते जळत नाही. वायरच्या गुंडाळीनं तापतं आणि फिरतं एवढंच. जळायला काही नाही तर ऑक्सिजन लागणार कशाला? "हवा कोरडी होते" याचं कारण वेगळं. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची पाणी धरायची ताकद वाढते, म्हणून टक्का उतरतो. १४ डिग्रीला ८० टक्के आर्द्रता असलेली हवा २० पर्यंत तापवली तर तीच ५५ टक्क्यांच्या आसपास दाखवते. पाणी कुठं गेलेलं नसतं. खिडकीची फट माणसाच्या श्वासासाठी थोडी असू द्या, हीटरसाठी नको.

आता ऑफलाइनचं कोडं. अक्का, झोपताना सासूबाई किंवा दुसरं कुणी बोर्डावरचं बटण बंद करतं का? हीटरच्या प्लगचं?

तिसरं_गेट | रात्री ८:०५

हो! हीटर थांबलेला दिसला की त्या उठून बोर्डावरचं बटण बंद करतात. "उगीच कशाला चालू" म्हणून. पण त्याचा सेन्सरशी काय संबंध? सेन्सरला स्वतःचा सेल आहे.

उद्यमबाग_फिटर | रात्री ८:४०

तिथंच मेख आहे. झिगबीत सेलवर चालणारी वस्तू अशक्त असते, ती लांब ओरडत नाही. जवळच्या विजेवर चालणाऱ्या वस्तूच्या कानात सांगते आणि ती पुढं हबला पोचवते. तुमच्या घरात अशी वस्तू एकच, हीटरचा स्मार्ट प्लग. सेन्सरनं त्यालाच आपला पालक मानलेलं असणार. बोर्डावरचं बटण पडलं की पालक गेला. स्वस्तातले बरेच सेन्सर मग नवा पालक लवकर शोधत नाहीत, सेल वाचवायला गप्प बसतात. सकाळी बटण चालू झालं की परत बोलायला लागतात.

उपाय असा. एक साधा, कमी अँपिअरचा झिगबी प्लग माजघर आणि सोपा यांच्यामधल्या बोर्डात कायमचा लावा. त्यात दुसरं काही जोडू नका, बटणावर चिकटपट्टी मारा. मग सेन्सर एकदा ॲपमधून काढून त्या प्लगजवळ उभं राहून पुन्हा जोडा. हब राऊटरच्या डोक्यावरनं उतरवा. दोघं २.४ वर बोलतात, एकमेकांचं ऐकू येत नाही. मीटरभर लांब ठेवा आणि टीव्हीच्या मागनं बाहेर काढा. वायफाय चॅनल १ वर आणि झिगबी २५ वर ठेवता आलं तर दोघांची वाट वेगळी होते. पण चॅनल बदलला तर काही वस्तू परत जोडाव्या लागतात, म्हणून ते सगळ्यात शेवटी.

दीड फुटी जांभा, त्यात पावसाळ्यात ओल मुरलेली, म्हणजे २.४ ला चांगलाच अडथळा. लोखंडी कपाट तर आरपार जाऊच देत नाही. दाराच्या रेषेत वस्तू ठेवल्या की काम होतं.

जांबोटी_घाट | १० जानेवारी, सकाळी ७:२०

आमचं घर जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. आमच्याकडं जानेवारीपेक्षा जुलै-ऑगस्ट वाईट. थंडी १८-१९ चीच, पण हाडात शिरते. अंथरूण ओलसर, कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी. असाच सेन्सर लावलाय. जूनमध्ये तो ९९ टक्के दाखवायला लागला तो गणपतीपर्यंत ९९ च. खराब झाला का?

उद्यमबाग_फिटर | सकाळी ९:०५

तुमच्याकडं ९९ खरंही असू शकतं. 😄 तपासायला मिठाची परीक्षा करा. वाटीत चमचाभर मीठ, त्याला ओल येईल इतकंच पाणी. चिखलासारखं झालं पाहिजे, वर पाणी तरंगता कामा नये. चिखलाची ती वाटी आणि शेजारी सेन्सर, मीठ सेन्सरला न लावता, हवाबंद डब्यात रात्रभर. ७५ च्या आसपास आला तर सेन्सर बरा आहे. ८५-९० दाखवला तर त्याच्यात कायमची ओल मुरलीय. तापमान तपासायचं असेल आणि वायरवाला सेन्सर असेल तर बर्फ बारीक करून थोडं पाणी घाला, त्यात बुडवा, शून्य आलं पाहिजे. झिगबीची डबी मात्र बुडवू नका.

तुमच्याकडं हीटर आकड्यावर लावायचा तर तापमान सोडून आर्द्रतेवर लावा. ७० च्या वर गेली की थोडा वेळ चालू. सेन्सर बुरशी येते त्या कोपऱ्यात नको, कोपऱ्यात हवा मेलेली असते. कपाट आणि भिंत यांच्यामधे मात्र हातभर फट ठेवा.

तिसरं_गेट | ११ जानेवारी, सकाळी ९:३०

हकिकत सांगते. सेन्सर खुंटीवरून खाली सोडला, उशाच्या उंचीला, मधल्या भिंतीवर. घरातला दुसरा साधा थर्मामीटर जुन्या जागी कपाटावर ठेवला. हीटर तासभर चालल्यावर कपाटावर २५, उशाशी १८.५. जमिनीवर ठेवला तर १६ च्या आसपास. एकाच खोलीत! सासूबाईंनी तिन्ही आकडे ऐकले आणि माझ्याकडं नुसतं बघितलं.

नवीन प्लग लावला, बटणावर चिकटपट्टी मारली, सेन्सर परत जोडला. रात्रभर ऑफलाइन गेला नाही. पण आता हीटर सारखा चालू-बंद, चालू-बंद होतोय, प्लगचा टक-टक आवाज येतो, त्यांना झोप लागत नाही. आणि २० लावलं तर पहाटे २२ होतंय.

उद्यमबाग_फिटर | सकाळी ११:१०

चालू-बंदमधे फट ठेवली नाही म्हणून टक-टक. एकाच आकड्यावर दोन्ही नियम असले की काट्याच्या टोकावर नाचत राहतं. १९ च्या खाली गेलं की चालू, १९.८ झालं की बंद, असं करा. वर जातंय कारण तेल. प्लग बंद झाला तरी आतलं तेल अर्धा तास गरम राहतं आणि खोलीला देत राहतं. शिवाय सेलवाला सेन्सर दर सेकंदाला बोलत नाही, काही दशांश फरक पडला की मगच सांगतो, त्यात मिनिटं जातात. म्हणून बंद करायचा आकडा मनातल्या आकड्यापेक्षा थोडा खाली ठेवायचा. एकदा चालू झाला की निदान दहा मिनिटं बंद होऊ नये, असाही नियम घाला. रिले जास्त दिवस टिकतो.

आता न विचारलेलं सांगतो, कारण हे सेन्सरच्या जागेपेक्षा महत्त्वाचं आहे.

एक. दोन हजार वॅट म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर, तासन्‌तास. १६ अँपिअरच्या पॉइंटलाच लावायचा. एक्स्टेन्शन बॉक्स नाही, मल्टिप्लग नाही. तासाभरानं प्लगला आणि बोर्डाला उलटा हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला तर आतला पत्रा ढिला आहे, लगेच बंद करून वायरमनला बोलवा.

दोन. लाईट जाऊन आली की स्मार्ट प्लग काय करतो ते ॲपमधे बघा. काही प्लग आपोआप चालू होतात. सेटिंगमधे "बंद" ठेवा, नियम परत पेटवेल.

तीन. अर्धा तास सेन्सरचा पत्ता नसेल तर हीटर बंद, असा नियम पाहिजेच. नाहीतर शेवटचा आकडा १७ वर अडकला तर हीटर रात्रभर चालत राहील.

चार. रिले चिकटून बसू शकतो. ॲप म्हणेल बंद, हीटर चालू. म्हणून हीटरचं गोल बटण अगदी टोकाला ठेवू नका. लीड्सकर म्हणाले तसं फार खालीही नको. खोली २३-२४ झाली की हीटर स्वतः थांबेल अशा जागी ठेवा. नुसता ऑइल हीटर, पडला तर आपोआप बंद होणारा, याच्यावरच हे सगळं करायचं. लाल तारेचा किंवा फॅनवाला हीटर मोबाईलवरून कधीच चालू करायचा नाही. समोर पांघरूण पडलंय का ते मोबाईलला दिसत नाही.

निपाणी_नाका | दुपारी १२:३०

आमच्याकडं गार-गरम दोन्ही करणारा एसी आहे. त्यालापण असा सेन्सर लावून फायदा?

लीड्सकर_येळ्ळूरचा | दुपारी १:५०

त्याचा स्वतःचा सेन्सर वर, यंत्रातच. गरम हवा वरच राहते, म्हणून तो लवकर थांबतो. काही कंपन्यांच्या रिमोटमधे "फॉलो मी" किंवा "आय फील" असं बटण असतं. ते दाबलं की रिमोटमधला सेन्सर धरला जातो. रिमोट उशाशी ठेवा, यंत्राकडं तोंड करून, उशीखाली नको. ते बटण नसेल तर दोन-तीन डिग्री जास्त लावा आणि झडप खालच्या बाजूला करा.

कॅम्पातली_काकू | दुपारी ३:१५

तिसरं_गेट, कॉट अजून उत्तरेच्या भिंतीला चिकटून आहे का? हवा २० असली तरी गार भिंतीशेजारी झोपलं की अंगाची ऊब भिंत ओढून घेते, एका कुशीला थंडी वाजत राहते. कॉट फूटभर आत ओढा. ओढता येत नसेल तर भिंतीला चटई किंवा जुनी वाकळ लावा. म्हणजे अर्ध्या किलोवाल्यांचा सल्ला अगदीच वाया गेला नाही.

कुंदा_अर्धा_किलो | दुपारी ३:२२

मांजराचं पण कुणीतरी मनावर घ्या की.

तिसरं_गेट | १३ जानेवारी, सकाळी १०:१५

कॉट ओढली, भिंतीला वाकळ टांगली. १९ आणि १९.८ चे आकडे घातले. हीटर आता रात्री मोजकाच चालतो, प्लगच्या मीटरवर रात्रभरात आठ युनिटच्या आत. माजघरावर फळ्यांचा माळा आहे, त्याच्या दोन फळ्या सरकलेल्या होत्या, तिथून सगळी ऊब कौलांतून जात होती. नवऱ्यानं चढून बसवल्या. त्यानं जो फरक पडलाय तो सेन्सरच्या जागेपेक्षाही जास्त आहे असं मला वाटतं.

सासूबाईंची आता वेगळीच तक्रार आहे, खुंटीवर त्यांची जपमाळ असते, ती कुठं अडकवायची?

पिरनवाडी_पोल्ट्री | सकाळी ११:४०

दुसरी खुंटी मारा. 😄 फिटर अण्णा, माझं एक राहिलंय. शेडमधले सेन्सर सहा-आठ महिन्यांत आर्द्रता चुकीची दाखवतात. तापमान बरोबर असतं. अमोनियामुळं का?

उद्यमबाग_फिटर | दुपारी १:०५

अमोनिया आणि तुसाची धूळ दोन्ही. आर्द्रता मोजायची चकती उघडीच असते, तिच्यावर थर बसतो. तापमानाला त्याचं काही वाटत नाही. ब्रूडिंगला तुम्हाला मुख्यतः तापमानच पाहिजे ना, मग डीएस१८बी२० घ्या, नुसतं तापमान मोजणारा वायरवाला सेन्सर, स्टीलच्या नळीतला. वायर शेडमधे आणि पाठवणारं यंत्र बाहेर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला मात्र नको, टाकीतलं पाणी सिग्नल खातं. यंत्र आणि सेन्सर एकाच डबीत घालू नका. वायफायची चिप स्वतःच तापते आणि डबी दोन-तीन डिग्री जास्त दाखवते. आर्द्रतेचा सेन्सर प्रत्येक बॅचनंतर मिठाच्या डब्यात घालून बघायचा. दहा टक्क्यांच्या वर चुकला की फेकायचा.